आज्याची सुरी भंगारात देऊ नका

रामदासपेठ ही नागपुरातली नावाजलेली वस्ती. मोठमोठे दवाखाने, हॉटेले, डॉक्टर-वकिलांचे बंगले. आपल्या समाजातल्या कितीतरी भगिनी तेथे रोज धुणीभांडी आणि स्वयंपाक करायला जातात. कितीतरी बांधव दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून, फाटकावर पहारेकरी म्हणून राबतात. अशा एखाद्या बंगल्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात, मखमलीवर ठेवलेली जुनी सुरी दिसते. मूठ शिंगाची, पाते लखलखीत. मालकाच्या आजोबांच्या शिकारीची ती आठवण असते. ती मऊ फडक्यानेच पुसायची, पाणी लावायचे नाही, अशी कामवाल्या बाईला ताकीद असते.

तशीच एक सुरी त्या बाईच्याही घरी असू शकते. फरक एवढाच की ती माळ्यावर, चिंधीत गुंडाळलेली, जंगून लाल झालेली असते. तिचीही मूठ शिंगाचीच. विजयादशमीच्या आधी घराची झाडलोट निघते, सुरी हाती लागते, ‘कशाला ही अडगळ’ म्हणून भंगारवाल्याच्या तराजूत पडते. वजन पावभर, पैसे चहापुरते.

एका आजोबाचा इतिहास मखमलीवर आणि दुसऱ्या आज्याचा भंगारात, असे का व्हावे? पहिली सुरी जास्त मोलाची म्हणून नव्हे. तिच्या मालकाने तिला मोलाची मानले म्हणून. आपणही आपली सुरी जपली पाहिजे. ती कशी स्वच्छ करावी, कशी टिकवावी आणि मुख्य म्हणजे का टिकवावी, याचा विचार या लेखात करू.

ही सुरी कशाची साक्षीदार?

गावात जनावर मेले की ते ओढून गावाबाहेर नेण्याचे काम आपल्या पूर्वजांच्या माथी मारलेले होते. कातडे काढायला सुरी लागे. म्हशीचे शिंग चिवट, हाताच्या पकडीला चांगले आणि मेलेल्या जनावराबरोबर आपसूक मिळणारे. म्हणून मूठही त्याचीच. म्हणजे पाते लोहाराचे, मूठ मेलेल्या जनावराची आणि हात आपल्या आज्याचा.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळेपाके मागणे सोडा, असे परमपूज्य बाबासाहेबांनी तेथे बजावले. ज्याचे जनावर त्यानेच पुरावे, असे आवाहन त्या परिषदेने सवर्णांना ठरावाने केले. पुढे गावोगावी आपल्या माणसांनी हे काम नाकारले. नाकारणे सोपे नव्हते. अनेक ठिकाणी बहिष्कार पडला, मजुरी बंद झाली, वाणी सामान देईना. तरीही लोकांनी सुरी खाली ठेवली ती ठेवलीच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर जो जनसमुदाय धम्माला शरण गेला, त्यात अशी सुरी खाली ठेवलेले हातही होते.

अर्थात प्रत्येक घरातली जुनी सुरी याच कामाची असेल असे नाही. विदर्भातले आपले पुष्कळ लोक जाडेभरडे कापड विणीत. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कितीतरी जण गिरणीत गेले. कुणाची सुरी बांबू तासायची असेल, कुणाची शेतातली, कुणाची नुसती कांदा चिरायची. म्हणून पहिले काम सुरी घासण्याचे नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारण्याचे आहे: आजी, ही सुरी कोणाची? ते काय काम करीत? शेवटी कधी वापरली?

लाज कोणी बाळगावी?

काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, “ज्या घाणीतून बाबासाहेबांनी आपल्याला वर काढले, तिची खूण घरात कशाला? मुलांच्या मित्रांनी पाहिली तर?” ही शंका प्रामाणिक आहे, तिला उत्तर दिले पाहिजे.

लाज वाटायला हवी ती हे काम जन्मावरून लादणाऱ्यांना, ते करावे लागलेल्यांना नव्हे. शिवाय ही सुरी दुहेरी पुरावा आहे. अन्याय झाला याचा पुरावा आणि आपल्या माणसांनी तो झुगारला याचाही पुरावा. पुरावा नष्ट झाला की उद्या कोणीही उठून म्हणेल, असे काही नव्हतेच. आणि हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत, मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उना येथे गाडीला बांधून भर रस्त्यात मारहाण झाली. त्या कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. सुरी कोणाच्या हाती द्यायची आणि त्याच सुरीसाठी कोणाला मारायचे, हे ठरवणारी वृत्ती अजून जिवंत आहे.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी काय केले पाहा. २४ सप्टेंबर २०१६ रोजी वॉशिंग्टनला त्यांच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. तेथे गुलामांच्या पायातल्या लोखंडी बेड्या जपून मांडल्या आहेत. संग्रहालयाची इमारत उभी राहण्याआधीच, २००८ पासून, त्यांनी निरनिराळ्या शहरांत शिबिरे भरवली. लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू आणायच्या आणि त्या कशा जपाव्यात हे जाणकारांकडून शिकून जायचे. बेड्यांची त्यांना लाज वाटली नाही, मग आपल्याला सुरीची का वाटावी?

आपल्याकडेही वाट दाखवणारे होऊन गेले. १९५६ च्या दीक्षा सोहळ्यासाठी झटलेले वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू मिळवून नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जतन केल्या. बाबासाहेबांचे कपडे, त्यांचा टाइपरायटर आज आपण पाहू शकतो तो अशा माणसांच्या धडपडीमुळे. महामानवाच्या वस्तू जपायच्याच, पण ज्यांनी त्यांच्या शब्दावर पोटावरचा घास पणाला लावला, त्या साध्या माणसांच्या वस्तू कोण जपणार? ते काम घराघराचे आहे.

शस्त्र घरात, मग पंचशीलाचे काय?

आणखी एक शंका उपासिका विचारतात: सुरी जपणे पंचशीलाला धरून आहे का? भगवान बुद्धांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात शस्त्रांचा व्यापार येतो. घरातली जुनी वस्तू सांभाळणे म्हणजे व्यापार नव्हे. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारात पात्र, चीवर, सुई यांच्याबरोबर वस्तराही असतोच. पात्याला दोष नाही, हेतूला दोष असतो.

मात्र एक पथ्य पाळावे. खांडेनवमीला शस्त्रे-अवजारे मांडून हळद-कुंकू वाहण्याची प्रथा आजूबाजूला दिसते. आपण सुरी जपायची ती पूजेसाठी नाही. ओले कुंकू आणि लिंबाचा रस पात्याला गंज चढवतात, ही गोष्ट वेगळीच. सुरी हा पुरावा आहे, दैवत नाही.

आधी ओळखा, मग हात लावा

मूठ खरोखर शिंगाची आहे का, ते आधी पाहावे. म्हशीचे शिंग काळपट, गुळगुळीत आणि थरांचे असते. पातळ कडेमागे बॅटरी धरली तर थोडा उजेड आरपार दिसतो. सांबर-चितळाचे शिंग म्हणजे खरे तर हाड; ते वरून खडबडीत, आतून सच्छिद्र असते. साध्या हाडाच्या मुठीवर बारीक काळे ठिपके दिसतात. मूठ सगळीकडे अगदी एकसारखी, थर नसलेली असेल तर ती प्लॅस्टिकची असू शकते. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नये. खूण कायमची राहते आणि जुने सेल्युलॉइड असेल तर पेट घेते.

आपले नख, केस आणि म्हशीचे शिंग एकाच पदार्थाचे बनलेले आहेत. त्याला केराटिन म्हणतात. नख पाण्यात फुगते, उन्हात कडक होऊन चिरते, तसेच शिंगाचे होते. नागपूरचे हवामान तर त्याचा वैरीच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर, हवा कोरडी ठाक; जुलैत भिंतींनाही ओल. शिंग आकसते, फुगते आणि शेवटी त्याचे थर सुटतात. आतले लोखंड गंजून फुगले तर मूठ आतूनही फुटते. लोकर खाणारी कसर आणि कातडे खाणारे बारीक किडेही शिंगाला लागतात. मुठीवर लहान खळगे आणि खाली भुकटी दिसली तर किडा आहे असे समजावे.

स्वच्छता कशी करावी?

आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, शेजारी पट्टी ठेवावी. पोरांना दूर बसवावे. नाकातोंडाला रुमाल, हातात हातमोजे घालावेत. हाताच्या घामातल्या मिठाने पात्यावर गंज धरतो. धारेवर जाड पुठ्ठ्याची घडी बसवावी म्हणजे हात कापणार नाही.

पहिली पायरी कोरड्या सफाईची. मऊ ब्रशने सांध्यातली धूळ झाडावी. जुना टूथब्रश चालेल. सांध्यात घट्ट बसलेला मळ बांबूच्या काडीने काढावा, खिळ्याने किंवा पिनेने नव्हे.

दुसरी पायरी पात्याची. पात्यावर शिवणयंत्राचे पातळ तेल थेंब थेंब सोडून रात्रभर राहू द्यावे. तेल मुठीच्या सांध्यात उतरू नये म्हणून पाते खालच्या बाजूला कलते ठेवावे. सकाळी कापडाने पुसावे. सुटलेला लाल गंज निघतो. राहिलेला गंज बांबूच्या काडीने हलकेच खरडावा, किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी अगदी बारीक, चार शून्य नंबरची स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवावी. भांडी घासायची तारेची घासणी नको, ती ओरखडे पाडते. लाल, भुसभुशीत गंज तेवढा काढायचा. त्याखालचा काळसर, घट्ट थर राहू द्यायचा. तो थर पात्याला जपतो आणि सुरीचे वयही सांगतो.

तिसरी पायरी मुठीची. कापड पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळावे. मळ फार असेल तर सौम्य साबणाचा एखादा थेंब घ्यावा. थोडा थोडा भाग पुसत जावे आणि लगेच कोरड्या कापडाने टिपावे. मूठ कधीही पाण्यात बुडवू नये. जुन्या सुऱ्यांमध्ये पाते पुष्कळदा लाखेने किंवा राळेने मुठीत बसवलेले असते. गरम पाण्याने किंवा उन्हाने लाख मऊ होते आणि पाते हलू लागते. पितळी रिव्हेटवर हिरवट काट आला असेल तर तो कोरड्या काडीने काढावा.

चौथी पायरी मेणाची. फर्निचरला लावतात ते रंग नसलेले मेणाचे पॉलिश कापडाच्या टोकावर चिमूटभर घ्यावे, मुठीवर अगदी पातळ पसरावे आणि अर्ध्या तासाने मऊ कापडाने पुसून काढावे. पात्यावरचे तेल पुसून तेथेही तेच मेण लावता येते. वर्षातून एकदा पुरे.

या चुका टाळा

चिंच, लिंबू, व्हिनेगर लावू नये. आम्लाने गंज जातो, पण चांगले लोखंडही खाल्ले जाते. विटेची भुकटी, राख, पॉलिशपेपर वापरू नये. धार लावणाऱ्याच्या चाकावर तर मुळीच देऊ नये. ज्या धारेने आज्याने आयुष्यभर काम केले, ती झिज हाच पुरावा आहे, आणि चाकावर तो दोन मिनिटांत ठिणग्या होऊन उडून जातो.

मुठीला खोबरेल किंवा जवसाचे तेल चोळू नये. खोबरेल खवट होऊन किड्यांना बोलावते, जवसाचे तेल वाळून चिकट, पिवळा थर धरते. मूठ चिरली असेल तर फेव्हिक्विक, एम-सील भरू नये. पुन्हा काढता येणार नाही असे काहीही जुन्या वस्तूला लावायचे नाही, हा जतनकामाचा पहिला नियम. मूठ हलत असेल तर तशीच राहू द्यावी, खाली कापसाची मऊ गादी द्यावी.

किडा लागलेला दिसला, मूठ फार फुटलेली असली तर स्वतः प्रयोग करू नयेत. सुरी वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकाराला विचारावे. सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासूनचा आहे. रामदासपेठेत कामाला जाणाऱ्यांना तो फार लांब नाही. तेथील माणसांना नम्रपणे विचारायला संकोच करू नये. लखनऊला केंद्र सरकारची जुन्या वस्तूंच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासून आहे.

कोठे ठेवावी?

माळ्यावर, पत्र्याखाली, चुलीजवळ किंवा न्हाणीच्या भिंतीशी ठेवू नये. चामड्याच्या म्यानात तर ठेवूच नये. चामड्यातली आम्ले आणि ओल पाते खातात. म्यान जुने असेल तर तेही जपावे, पण वेगळे. वर्तमानपत्राच्या कागदातही आम्ल असते. धुऊन वाळवलेले, खळ नसलेले सुती कापड घ्यावे, त्यात सुरी गुंडाळावी, डब्यात किंवा कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवावी. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या शेजारी टाकाव्यात, मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नयेत. तांदूळ ओल शोषतात म्हणून डब्यात टाकू नयेत, त्याने किडे येतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी दोन महिन्यांनी उघडून पाहावे.

कायद्याचेही भान ठेवावे. म्हशीच्या शिंगाला अडचण नाही. पण सांबर, चितळ, काळवीट यांचे शिंग किंवा हस्तिदंत असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. अशी वस्तू विकण्याचा विचारही न करता आधी वन विभागाकडे चौकशी करावी. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाही. आणि घरगुती कामाची सुरी असली तरी ती मिरवणुकीत, सभेत घेऊन जाऊ नये. घरातली वस्तू घरातच शोभते.

सुरीला बोलते करा

इतके सारे केले आणि सुरीची हकिकत लिहिली नाही, तर काम अर्धेच राहिले. एका जाड कार्डावर शिसपेन्सिलीने लिहावे: सुरी कोणाची, गाव कोणते, काम कोणते, काम कधी सोडले, सोडल्यावर काय झाले, ही माहिती कोणी आणि कोणत्या तारखेला सांगितली. शाईपेक्षा पेन्सिल बरी, ओलीने ती पसरत नाही. चिकटपट्टी लावू नये, सुती दोऱ्याने कार्ड बांधावे. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे. आजीसमोर सुरी ठेवून तिचे बोलणे तिच्याच आवाजात नोंदवून घ्यावे. तिची बोली सुधारायला जाऊ नये.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी जाऊन बोलते केले, तेव्हा १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. त्यांनी विचारले नसते तर त्यातल्या कितीतरी जणींची कहाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. आता तर घाई आहे. १९५६ साली जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, त्याने आज ऐंशी पार केली आहे. सुरी नीट ठेवली तर आणखी शंभर वर्षे टिकेल, पण ती कोणाच्या हातात होती हे सांगणारे माणूस तेवढे थांबणार नाही.

म्हणून या रविवारी दोन कामे करा. माळा उतरवून पाहा. आणि विहारात वंदना झाल्यावर वडीलधाऱ्यांना विचारा, कोणाच्या घरी काय शिल्लक आहे. सुरी असेल, विळा असेल, मागाचा धोटा असेल, गिरणीचा बिल्ला असेल. एका वस्तीतल्या दहा घरांनी दहा वस्तू जपल्या, त्यांच्या दहा हकिकती लिहिल्या आणि १४ एप्रिलला विहारात एका टेबलावर मांडल्या, तर ते आपले पहिले संग्रहालय होईल. त्याला काचेचे कपाट नसेल, मखमल नसेल. पण आपल्या पोरापोरींना आपला आजा काय करीत होता आणि त्याने काय करायचे नाकारले, हे तेथे कळेल.

जय भीम!